मेंदूच्या पक्षाघातातील मुलांची हालचाल : ती मोजावी कशी आणि कशासाठी

(ट्रस्टच्या महोत्सवी वर्षात सभासद व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर बेळगाव येथे केलेले भाषण)



महोत्सवी वर्षात घरोघर उपयोगी पडतील अशा विषयांवर चार व्याख्याने व्हावीत असे कार्यकारी मंडळाने ठरविले आणि त्यांतील एक माझ्याकडे सोपविले, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. मी डॉक्टर नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. माझा पेशा मास्तरकीचा. मुलांची परीक्षा घेणे, गुण देणे आणि त्या गुणांचा अर्थ पालकांना समजावून सांगणे, यातच माझी वीस वर्षे गेली. आजचा विषयही एका अर्थाने परीक्षेचाच आहे. परंतु ही परीक्षा निराळ्या जातीची आहे. तिच्यात कोणी पास होत नाही, कोणी नापासही होत नाही. मूल आज आपल्या बळावर काय करते, एवढेच तिच्यात पाहावयाचे असते. हे पाहणे किती अवघड आहे आणि न पाहिल्यामुळे किती नुकसान होते, ते आपल्यापुढे मांडण्याचा माझा विचार आहे.

सेरेब्रल पाल्सी हे नाव आता आपल्या कानांवरून गेलेले आहे. सरकारी कागदांत त्यास मेंदूचा पक्षाघात म्हणतात. मेंदूची घडण चालू असताना, म्हणजे मूल पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतरच्या पहिल्या काळात, मेंदूच्या काही भागास इजा होते आणि त्यामुळे हालचालीवरचा व अंग सावरण्यावरचा ताबा बिघडतो. दिवस भरण्याआधी झालेला जन्म, फार कमी वजन, जन्मताना प्राणवायूची कमतरता, नवजात बाळाची हाताबाहेर गेलेली कावीळ, मेंदूज्वर, अशी कारणे अनेक आहेत. पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. आईने ग्रहणात काही चिरले किंवा कोणाची नजर लागली, यांचा येथे काडीइतकाही संबंध नाही. ही इजा पुढे वाढत जात नाही, आणि ती पूर्ववत भरूनही येत नाही. मूल मात्र वाढत असते. हाडे लांब होतात, वजन वाढते, आणि म्हणून त्या इजेचे अंगावर दिसणारे परिणाम बदलत राहतात. कोणाचे स्नायू ताठरतात, कोणाचे हातपाय मनाविरुद्ध वळवळतात, कोणाला तोल सांभाळता येत नाही. दर हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांस ही अवस्था येते असे सामान्यतः धरले जाते. तेव्हा ही काही आपल्या गल्लीत न येणारी गोष्ट नव्हे.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी पाय अधू असलेले मूल दिसले की लोक 'पोलिओ' म्हणत, आणि बहुतेक वेळा ते खरेही असे. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त ठरला. ही आनंदाची गोष्ट झाली. परंतु पोलिओच्या काळात लागलेल्या सवयी अजून गेलेल्या नाहीत. पोलिओत पाठीच्या कण्यातील मज्जापेशी मरतात आणि स्नायू लुळा पडतो. एकेक स्नायू तपासून कोणता किती दुबळा आहे हे सांगता येते आणि त्याप्रमाणे कॅलिपर बांधता येतो. मेंदूच्या पक्षाघाताची तऱ्हा वेगळी आहे. येथे बिघाड स्नायूत नसतो, स्नायूस जाणाऱ्या हुकमात असतो. पलंगावर निजलेल्या मुलाचा पाय हाताने सहज हलतो आणि तेच मूल उभे केले की दोन्ही पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येतात. म्हणून केवळ एकेक स्नायू तपासून भागत नाही. सबंध मूल, सबंध हालचाल करताना पाहावे लागते.

आता पालकांच्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. 'आमचे मूल चालेल का?' हा तो प्रश्न. आईबाप प्रत्येक दवाखान्यात तो विचारतात आणि प्रत्येक दवाखान्यातून वेगळे उत्तर घेऊन येतात. एक म्हणतो केस सौम्य आहे, दुसरा म्हणतो मध्यम आहे, तिसरा म्हणतो तीव्र आहे. हे तिघेही खोटे बोलत नसतात. 'तीव्र' या शब्दाचे माप ज्याचे त्याच्यापाशी असते, एवढेच. विल्यम जॉन लिट्ल या इंग्रज शस्त्रवैद्याने १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे निबंध वाचून या अवस्थेचे बाळंतपणाशी असलेले नाते दाखविले. या लिट्लचा स्वतःचा एक पाय लहानपणापासून वाकडा होता. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे डॉक्टर लोक या मुलांचे वर्णन कोणते हातपाय अधू आहेत आणि ते किती ताठ आहेत यावरून करीत राहिले. मूल स्वतः काय करू शकते यावरून सर्वांनी एकाच भाषेत बोलावे, अशी सोय नव्हती.

ती सोय १९९७ साली झाली. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात हॅमिल्टन नावाचे शहर आहे. तेथील मॅकमास्टर विद्यापीठात रॉबर्ट पॅलिसॅनो, पीटर रोझेनबाऊम आणि त्यांचे सहकारी यांनी एक वर्गीकरण तयार केले. इंग्रजी आद्याक्षरांनी त्यास जी. एम. एफ. सी. एस. म्हणतात. आपण त्यास स्थूल हालचालींचे वर्गीकरण म्हणू. बसणे, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाणे आणि चालणे या मोठ्या हालचाली मूल आपण होऊन कशा करते, यावरून त्यास पाच पायऱ्यांपैकी एका पायरीवर धरतात. दोन वर्षांखालील, दोन ते चार, चार ते सहा आणि सहा ते बारा अशा वयोगटांसाठी निरनिराळी वर्णने आहेत. २००७ साली त्यांत बारा ते अठरा हा गट वाढविण्यात आला.

शाळेत जाणाऱ्या, सहा ते बारा वर्षांच्या मुलांपुरत्या या पायऱ्या थोडक्यात सांगतो. पहिल्या पायरीवरचे मूल घरी, शाळेत, रस्त्यात कोठेही चालते, कठड्याला न धरता जिना चढते, धावते आणि उड्याही मारते. मात्र वेग व तोल यांत थोडे मागे पडते. दुसऱ्या पायरीवरचे मूलही चालते, पण जिन्यावर कठडा धरते. लांबचा पल्ला, बाजारातील गर्दी किंवा आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात निसरडे झालेले अंगण, यांत ते अडते. तिसऱ्या पायरीवरचे मूल वॉकर किंवा कुबड्या हातांत घेऊन चालते आणि दूर जावयाचे असल्यास त्यास चाकाची खुर्ची लागते. चौथ्या पायरीवरच्या मुलास बसण्यासही आधार हवा असतो. घरात ते लोळत, सरपटत वा रांगत जाते, खुर्चीतून उठविताना माणूस लागते, आणि विजेवर चालणारी खुर्ची मिळाल्यास ते आपले आपण फिरूही शकते. पाचव्या पायरीवरच्या मुलास मान व धड सावरणेही कठीण जाते, आणि त्यास सर्वत्र दुसऱ्यानेच न्यावे लागते.

या पायऱ्या कागदावर सोप्या दिसतात. त्या वापरताना एक नियम पाळावा लागतो, आणि माझ्या मते या सर्व पद्धतीचे मर्म त्या नियमातच आहे. मूल जास्तीत जास्त काय करू शकते हे धरावयाचे नाही; ते रोज, नेहमीच्या जागी, सहजपणे काय करते हे धरावयाचे. समजा, एक मुलगा दवाखान्यात वडिलांचे बोट धरून, घामाघूम होऊन, दहा पावले टाकून दाखवितो. वडील कृतकृत्य होतात. पण घरी तो मुलगा सोप्यातून स्वयंपाकघरात जाताना रांगतच जातो. मग त्याची पायरी त्या रांगण्यावरून धरली पाहिजे, कारण त्याचे दिवसाचे चौदा तास त्याच अवस्थेत जातात. तपासणीसाठी साहेब आले की वर्गातील पाठांतर किती सुरेख होते, हे आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे. पण मुलास वाचता येते की नाही हे समजते ते सोमवारी सकाळी, कोणी पाहत नसताना. हालचालीचेही तसेच आहे.

म्हणूनच या परीक्षेत आईची साक्ष डॉक्टरांच्या नजरेइतकीच मोलाची मानली आहे. या वर्गीकरणाची एक सोपी प्रश्नावली खास कुटुंबीयांसाठी केलेली आहे. अर्ध्या तासाच्या भेटीत फिजिओथेरपिस्ट जे पाहतो त्याहून कितीतरी अधिक आईने पाहिलेले असते. तिने फक्त ते प्रामाणिकपणे सांगावयाचे. शेजारीण काय म्हणेल म्हणून वाढवून सांगू नये, किंवा दया यावी म्हणून कमी करूनही सांगू नये.

पायरी हे काही सगळे मोजमाप नव्हे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे २००४ साली प्रसिद्ध झालेली आणखी एक पद्धती मला फार आवडते, कारण ती आपल्या रोजच्या जगण्याला अगदी लागू पडते. तिच्यात तीनच अंतरे आहेत : पाच मीटर, पन्नास मीटर आणि पाचशे मीटर. पाच मीटर म्हणजे घरात, पन्नास म्हणजे शाळेत, पाचशे म्हणजे बाजारात वा मोहल्ल्यात. प्रत्येक अंतरासाठी एक ते सहा यांपैकी एक आकडा द्यावयाचा. चाकाच्या खुर्चीस एक, वॉकरला दोन, कुबड्यांना तीन, काठी घेऊन किंवा भिंत, टेबल धरून चालण्यास चार, सपाट जमिनीवर आधाराविना चालण्यास पाच आणि कोणत्याही जमिनीवर मोकळेपणी चालण्यास सहा. समजा, एक नऊ वर्षांची मुलगी आहे. घरात ती भिंतीला हात लावीत चालते, शाळेत वॉकर घेते आणि बाजारात तिला खुर्चीतून न्यावे लागते. तिचे आकडे झाले चार, दोन, एक. या तीन आकड्यांत केवढी माहिती आहे पाहा. या मुलीला घरात खुर्ची देणे म्हणजे तिचे चालणे बंद पाडणे होय. आणि वॉकर आहे ना, मग खुर्ची कशाला, असे म्हणणे म्हणजे तिला ईदच्या मेळाव्याला, गणपती पाहायला किंवा मामाच्या लग्नाला घरी ठेवणे होय. तिला दोन्ही गोष्टी हव्यात, पण निरनिराळ्या जागी.

आता मूल पुढे सरकते आहे की नाही, हे कसे समजावे? पायरी सहसा बदलत नाही. त्यासाठी बारीक माप हवे. तसे माप त्याच हॅमिल्टनच्या मंडळींनी १९८९ साली प्रसिद्ध केले होते. त्यात अठ्ठ्याऐंशी कृती आहेत आणि त्यांचे पाच विभाग आहेत. निजणे व कुशीवर वळणे याच्या सतरा, बसण्याच्या वीस, रांगणे व गुडघ्यांवर राहणे याच्या चौदा, उभे राहण्याच्या तेरा आणि चालणे, धावणे व उडी मारणे याच्या चोवीस. पाच वर्षांचे निरोगी मूल या सर्व कृती करू शकते. प्रत्येक कृतीस शून्य ते तीन गुण असतात. मुलाने आरंभच केला नाही तर शून्य, आरंभ केला तर एक, अर्धीमुर्धी केली तर दोन, पुरी केली तर तीन.

गुण देण्याची ही रीत शिक्षक म्हणून मला विशेष वाटते. आरंभ केल्याबद्दल गुण देणारी परीक्षा आमच्या खात्यात मी पाहिलेली नाही. समजा, बसण्याच्या विभागात साठपैकी एका मुलास जानेवारीत तीस गुण होते आणि जुलैत एकोणचाळीस झाले. म्हणजे पन्नास टक्क्यांवरून पासष्ट टक्के. परक्या माणसास मूल होते तसेच दिसेल. ते अजून चालत नाही, उभेही राहत नाही. पण आधी दोन्ही हात जमिनीला टेकून बसणारे ते मूल आता एक हात उचलून खेळणे घेते आहे, ताटातला घास उचलते आहे. ते नऊ गुण म्हणजे हाच तो घास. ज्या घरात हे मोजलेले नसते त्या घरात 'सहा महिने व्यायाम केला, काही फरक नाही' असे म्हणून व्यायाम सोडून देतात.

येथे मी जरा थांबणार आहे, कारण पैशांचा आणि फसवणुकीचा प्रश्न येथेच येतो. २००२ साली ऑन्टारिओतील ६५७ मुलांच्या पुनःपुन्हा घेतलेल्या मोजमापांवरून वाढीच्या रेषा काढण्यात आल्या आणि त्या प्रसिद्ध झाल्या. प्रत्येक पायरीची रेषा निराळी आहे. पहिल्या वर्षांत ती झपाट्याने वर जाते, पुढे ती सपाट होत जाते. पहिल्या पायरीवरची मुले आपल्या स्थूल हालचालींच्या क्षमतेचा नव्वद टक्के पल्ला पाच वर्षांच्या सुमारास गाठतात. पाचव्या पायरीवरची मुले पावणेतीन वर्षांच्या सुमारासच गाठतात.

याचे दोन अर्थ निघतात. एक असा की पहिली चारपाच वर्षे सोन्यासारखी आहेत आणि ती वाट पाहण्यात घालवू नयेत. दुसरा अर्थ कडू आहे. दोन वर्षांचे मूल या काळात आपल्या रेषेने वर जातच असते. त्याच वेळी कोणी तेल देतो, कोणी गंडा बांधतो, कोणी मोठ्या शहरातील भपकेदार दवाखान्यात लाखो रुपयांची सुई टोचतो. सहा महिन्यांनी मूल बसू लागते आणि श्रेय त्या तेलाला, गंड्याला आणि सुईला मिळते. मूल त्या रेषेपेक्षा अधिक वर गेले काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण आधीचे मापच घेतलेले नसते. बायकांचे दागिने मोडतात, शेताचा तुकडा जातो, आणि पाहता पाहता ती सोन्यासारखी वर्षेही जातात. मोजमाप केलेल्या कुटुंबास फसविणे कठीण असते. पैसे मागणाऱ्यास आईने विचारावे : आज माझ्या मुलाची पायरी कोणती, त्याचे गुण किती, आणि सहा महिन्यांनी हेच माप दुसऱ्या कोणाकडून घेतले तर तुम्हांस चालेल काय? खरा माणूस आनंदाने होय म्हणेल.

या रेषा सपाट झाल्या म्हणजे सर्व संपले, असे मात्र कोणी समजू नये. दमसास वाढविणे, वॉकर चालविण्यात हात बसणे, खुर्ची आपली आपण ढकलणे, शाळा शिकणे, मित्र मिळविणे, यांना वयाची मर्यादा नाही. उलट तिसऱ्या ते पाचव्या पायरीवरच्या मुलांच्या हालचाली वयात येताना काहीशा मागेही पडू शकतात, म्हणून मोजमाप पुढेही चालू ठेवावे लागते.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देतो. प्रगत देशांतील नोंदींचा एकत्र विचार २०१२ साली झाला, त्यावरून असे दिसते की या अवस्थेतील तीन मुलांपैकी दोन मुले आधार घेऊन वा न घेता चालतात. दोन वर्षांपर्यंत आधाराविना बसू लागलेले मूल बहुधा पुढे कोणत्या ना कोणत्या रीतीने चालते. त्याच नोंदींत आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या चालण्याहून कमी महत्त्वाच्या नाहीत. चारांपैकी तिघांना कोठेतरी दुखत असते. जे मूल बोलू शकत नाही ते दुखणे रडून सांगते आणि आपण त्यास हट्टी म्हणतो. दुसरी गोष्ट अशी की निम्म्या मुलांच्या बुद्धीत कसलाही दोष नसतो. लाळ गळते, मान कलते, शब्द अस्पष्ट येतात, एवढ्यावरून लोक बुद्धीचा निकाल लावतात. हालचालीची पायरी ही बुद्धीची पायरी नव्हे. हातांच्या कामासाठी २००६ साली स्वीडनमध्ये वेगळे वर्गीकरण झाले, आणि बोलणे-समजण्यासाठी २०११ साली आणखी वेगळे. तीन वेगळ्या पट्ट्यांनी मोजावयाच्या या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुंबईत १९७२ साली मिथू अलूर यांनी अशा मुलांसाठी तीन मुलांवर शाळा सुरू केली, ती त्यांच्या कन्या मालिनी चिब यांना साध्या शाळेत जागा मिळेना म्हणून. त्याच मालिनीबाईंनी पुढे लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकून आपले आत्मचरित्र लिहिले. केवळ चालण्यावरून त्यांची परीक्षा केली असती तर आपल्या हाती काय लागले असते, याचा विचार करावा.

पायरी समजल्याचा एक फायदा तर थेट शस्त्रक्रिया वाचविणारा आहे. या मुलांच्या खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकतो. आरंभी दुखत नाही, म्हणून कळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पहिल्या पायरीवरच्या एकाही मुलाचा खुबा सरकलेला आढळला नाही, आणि पाचव्या पायरीवरच्या शंभरांतील नव्वदांचा आढळला. म्हणजे ज्यास धोका अधिक त्याचा एक्स-रे वेळोवेळी काढला पाहिजे, आणि धोका कोणास अधिक हे पायरीवरून कळते. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून सर्व मुलांची अशी नोंद ठेवू लागले आणि खुबा पूर्ण निखळण्याचे प्रकार तेथे जवळजवळ नाहीसे झाले.  वही नियमाने लिहिली गेली, हे त्यामागचे एक मोठे कारण.

तान्ह्या मुलांच्या आयांसाठी दोनच शब्द सांगतो. चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट मिटलेल्या राहणे, नऊ महिन्यांपर्यंत आधाराविना न बसणे, वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर करून दुसरा हात सोडून देणे, यांपैकी काही दिसले तर 'होईल हळूहळू, याचे वडीलही उशिरा चालले' असे म्हणून थांबू नये. आजच्या ज्ञानाने पुष्कळदा सहा महिन्यांच्या आतच निदान होऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

कायद्याविषयीही थोडे बोलतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे एकवीस प्रकार मानले आहेत त्यांत हा पक्षाघात आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा मनाजोगत्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रावरील टक्के आणि मी सांगितलेली पायरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टक्के सवलतीसाठी असतात, पायरी मुलाचा दिवस आखण्यासाठी. शिवाय आपल्या भागात कागद इंग्रजीत वा कानडीत येतो आणि आई मराठी वाचते. तो तिला कोणी वाचून दाखवीत नाही, मग तो पेटीत जातो.

शेवटी, विश्वस्त मंडळींपुढे माझी विनंती ठेवतो. महोत्सवाच्या निमित्ताने गरजू मुलांस चाकाच्या खुर्च्या देण्याचा आपला संकल्प आहे. संकल्प थोर आहे. परंतु एकाच मापाच्या पंचवीस खुर्च्या व्यासपीठावर ओळीने मांडून वाटल्या तर त्यांतील किती खुर्च्या वर्षाने वापरात असतील? बैठक रुंद असली की मूल एका बाजूस कलते. पाय लोंबकळले की ते घसरत पुढे येते. तासन् तास तसे बसून पाठ वाकडी होते आणि बुडाखाली जखमा होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आपल्यासारख्या देशांसाठी खुर्च्या देण्याची जी मार्गदर्शिका काढली तिच्यात आठ टप्पे सांगितले आहेत. त्यांत मुलाची तपासणी हा दुसरा टप्पा आहे आणि पैसा चौथा. आपण पुष्कळदा चौथ्यापासून आरंभ करतो.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. प्रत्येक मुलास आधी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे आणि मग त्याच्या मापाची खुर्ची, वॉकर, बसण्याची खास बैठक, जे लागेल ते द्यावे. समारंभ दोन महिने पुढे गेला तरी चालेल. दुसरे, तपासणीस येणाऱ्या आईचे गाडीभाडे आणि बुडणारी मजुरी ट्रस्टने द्यावी, कारण पुष्कळ मुले उपचाराअभावी राहत नाहीत, भाड्याअभावी राहतात. तिसरे, प्रत्येक मुलाची एक वही असावी, मराठीत लिहिलेली. तीत दर सहा महिन्यांनी तारीख, पायरी, घर-शाळा-बाजार यांचे तीन आकडे, कोठे दुखते आणि पुढील सहा महिन्यांत मुलास कोणती एक गोष्ट जमावी असे त्याला व घरच्यांना वाटते, एवढे लिहावे. मुलाचा त्याच जागी, त्याच कपड्यांत घेतलेला मोबाइलवरील दोन मिनिटांचा चित्रफितीचा तुकडा सोबत ठेवावा. ही वही लिहिण्याचे काम आम्ही शिक्षक मंडळी आळीपाळीने करू. त्यासाठी ट्रस्टने आम्हांस मानधन देऊ नये.

आमच्या शाळेच्या परीक्षेत आम्ही मुलांना एकमेकांशी तोलतो. या परीक्षेत मूल आपल्याच मागच्या वहीशी तोलले जाते, आणि म्हणून तीत शेवटचा नंबर कोणाचाच येत नाही. पाचव्या पायरीवरच्या ज्या मुलाने या सहा महिन्यांत मान दहा सेकंद अधिक धरली, त्याच्या वहीत तेवढे लिहिले गेले पाहिजे. पहिली पंचवीस मुले कोणती याची यादी कार्यालयात तयार आहे. पहिल्या तपासणीचा दिवस आजच्या सभेतच ठरावा, एवढी माझी विनंती आहे.